दोन वाजताचा बदली

इर्या लाक्कोनेनला वीस महिन्यांत पहिली सुट्टी मिळाली, आणि त्या दिवशी ती पहाटे पाचला उठून घर घासायला लागली. गालिचे बाहेर दांडीवर टाकून बडवले, न्हाणीघराची फरशी ब्रशने घासली, चुलीमागची भिंतसुद्धा पुसली, जिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. मग वेलदोड्याचे बन भाजायला टाकले. सुट्टी तिची, तिच्या जागी काम करायला माणूस येणार, आणि त्या माणसाच्या नजरेला घर घाण दिसू नये म्हणून ही बाई रोजच्या दुप्पट राबत होती. आमच्या नदीकाठच्या गावात याचं कोणाला नवल वाटत नाही. आमच्याकडे साफसफाईला बाई लावली, की आधल्या दिवशी घर साफ करून ठेवतात.

ही सुट्टी काही कोणाच्या मेहेरबानीची नव्हती. घरच्या आजारी माणसाला जो घरीच सांभाळतो, त्याच्याशी कल्याण कचेरी रीतसर करार करते, आणि त्या करारात महिन्याला तीन दिवस सुट्टी लिहिलेली असते. त्या दिवशी कचेरी बदली माणूस पाठवते. इर्याने वीस महिन्यांपूर्वी सही केली होती, म्हणजे साठ दिवस तिच्या नावावर जमले होते. त्यातला एकही तिने घेतला नव्हता. कोणी विचारलं तर म्हणायची, "सुट्टी घेऊन करू काय? घरीच तर बसणार."

नवरा ओइवा ब्याऐंशी वर्षांचा. गावच्या कागद गिरणीत त्याने अडतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची वीस दोन नंबरच्या मशीनचा मुख्य माणूस म्हणून. गिरणीत त्याला लोक वचकून असत. गेल्या चार वर्षांत त्याची आठवण गळत चालली होती. आधी माणसांची नावं गेली, मग वार गेले, मग घरातल्या खोल्यांची दिशा गेली. गेल्या शरदापासून त्याने इर्यालाही नावाने हाक मारली नव्हती. अंगाने मात्र धडधाकट होता. इर्याने जुन्या सोबत्यांना घरी येऊ देणं केव्हाच थांबवलं होतं. ज्याच्या एका नजरेवर अख्खी पाळी सरळ चालायची, त्याला सदऱ्याची बटणं लावून द्यावी लागतात हे त्यांनी बघू नये, असं तिला वाटे.

सगळ्यात वाईट वेळ दुपारची. एक वाजला की ओइवा न्हाणीघरात जाई आणि कपडे धुण्याच्या मशीनपाशी उभा राही. मशीन चालू असो की बंद, त्याच्या झाकणावर तळवा टेकलेला. जेवायला बोलावलं तर यायचा नाही. दोन वाजायला आले की चुळबुळ सुरू. दाराकडे बघायचं, घड्याळाकडे बघायचं, पुन्हा दाराकडे.

"वेळ झाली," तो म्हणायचा. "वेळ झाली आणि अजून पत्ता नाही."

इर्याला वाटे, याला कामावर जायचंय. मग ती घराच्या दाराला वरची कडी घाली आणि खरं काय ते सांगे. खोटं बोलणं तिला जमतच नसे. जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांना वाढलं, पण कालचा रस्सा आजचा म्हणून कधी खपवला नाही. ती म्हणे, "ओइवा, गिरणी बंद झाली. पाडूनसुद्धा टाकली. तू निवृत्त होऊन बावीस वर्षं झाली." हे ओइवाला रोज नव्याने कळे आणि रोज तो तितकाच हादरे. कधी रडे, कधी तिला बाजूला ढकलून दाराशी झोंबे. साडेचारपर्यंत दोघंही गळून जात.

इतकं सगळं चालू असताना इर्याला सुट्टी घ्यायची बुद्धी झाली, ती डोळ्यांमुळे. कचेरीची हेन्रिका जानेवारीत भेटीला आली होती. तिशीतली पोरगी, आवाज मऊ, पण नजर कोंबडीच्या पिल्लावर घारीची असते तशी. तिने टेबलावरची गोळ्यांची डबी उचलली.

"ही कोणी भरली?"

"मी. आणखी कोण भरणार, मांजर?"

"गुरुवारच्या दुपारच्या खणात रात्रीच्या गोळ्या आहेत, इर्या."

इर्याने डबी हातात घेतली, खिडकीशी नेली, नाकाला लावली. खण दिसत होते. गोळ्या सगळ्या एकाच रंगाच्या दिसत होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, उजव्यात जास्त पिकलेला. ऑपरेशनची तारीख तिने दोनदा पुढे ढकलली होती.

"आता सोळा एप्रिल दिलीय त्यांनी," हेन्रिका म्हणाली. "या वेळी गेला नाहीत तर पुन्हा रांगेच्या शेपटाला. वर्षभर तरी नंबर लागायचा नाही."

"ओइवाला कोणाजवळ ठेवू? परक्या माणसाजवळ राहायचा नाही तो."

"त्यासाठीच सुट्टी असते. बदली मी पाठवते."

"बघू."

"बघू म्हणायची वेळ गेली." हेन्रिकाने डबी तिच्या हातातून घेऊन टेबलावर ठेवली. पुढचं बोलणं तिलाही आवडत नव्हतं, हे दिसत होतं. "गोळ्या दिसत नाहीत अशा माणसाच्या हाती मला ओइवाला ठेवता येणार नाही. करार थांबवावा लागेल. मग त्यांना वृद्धनिवासात ठेवायचं. आत्ता एकच जागा रिकामी आहे आणि ती साठ किलोमीटरवर आहे."

साठ किलोमीटरवर, अनोळखी लोकांत, ओइवा दुपारी दोन वाजता कोणत्या मशीनपाशी उभा राहील, हा एकच विचार इर्याच्या डोक्यात घुसला आणि तो काही केल्या बाहेर निघेना. शेवटी ठरलं ते असं, की फेब्रुवारीत एक दिवस आणि मार्चमध्ये एक दिवस बदली येऊन रुळेल. एप्रिलच्या सोळाला इर्या इस्पितळात जाईल.

म्हणून तर ती घर घासत होती.

आठ वाजता दारावर थाप पडली. दारात सहा फुटांचा गडी, पन्नाशीचा, हात फावड्याएवढे. इर्याला वाटलं, मीटर बघायला कोणी आलाय.

"इस्मो हाक्काराइनेन. बदली."

"तू? मला वाटलं बाई येईल."

"बायकोलाही लग्नाआधी वाटलं होतं की देखणा माणूस मिळेल," इस्मो म्हणाला. "होतं असं, लाक्कोनेनबाई."

"बाईबिई नको. इर्या म्हण. बूट काढ आणि कॉफी घे."

कॉफी पिताना कळलं, की हा गिरणीतलाच. गिरणी बंद पडली तेव्हा चारशे माणसं एकदम घरी बसली, त्यांतला एक.

"रोजगार कचेरीतल्या पोरीने विचारलं, हुद्दा काय होता?" इस्मो सांगत होता. "म्हटलं, कोनेहोइताया. मशीन सांभाळणारा. तिने संगणकात अर्धाच शब्द टाकला, नुसतं होइताया. सांभाळणारा. धडाधड त्रेसष्ट जागा आल्या. पोरगी खूश. म्हणाली, तुम्हाला तर सगळीकडे मागणी आहे. वाकून बघतो तर सगळ्या म्हातारी माणसं सांभाळायच्या."

"मग?"

"मग काय. शब्दाचा पहिला अर्धा भाग बदलून घ्यायला दीड वर्ष शाळेत बसलो. आजूबाजूला सगळ्या वीस वर्षांच्या पोरी. गादीवरची चादर ताणून घालायच्या परीक्षेत दोनदा नापास."

हा किस्सा तो घरोघरी सांगत असणार, हे इर्याच्या लक्षात आलं. तरी तिला हसू आलं, आणि ते लपवायला ती बनांचं ताट आणायला उठली. पण पुढच्या वाक्याने तिचं हसू पार मावळलं.

"लाक्कोनेनच्या हाताखाली मी दहा वर्षं काढली," इस्मो म्हणाला. "दोन नंबरला."

म्हणजे ज्यांच्यापासून चार वर्षं दार लावून घेतलं, त्यांतलाच एक कचेरीने आपण होऊन घरात आणून सोडला. इर्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओइवा खिडकीशी बसला होता, त्याने इस्मोकडे पाहिलं आणि भिंतीकडे पाहावं तसं पुन्हा बाहेर पाहिलं.

त्या दिवशी इर्या घरातून हललीच नाही. इस्मो ओइवाची दाढी करायला निघाला तर तिने वस्तरा काढून घेतला. इस्मो रस्सा गरम करायला गेला तर ती चुलीपुढे उभी. आणि एक वाजायला आला तेव्हा तिने इस्मोला सॉनाची, म्हणजे वाफ घ्यायच्या खोपटाची, लाकडं फोडायला नदीकाठी पाठवलं, कारण दुपारचा तमाशा त्याने बघू नये. बिचारा अडीच तास लाकडं फोडत राहिला. आत इर्याने कडी घातली, गिरणी पाडल्याचं रोजचं सांगितलं, ओइवा रोजच्यासारखा रडला.

चार वाजता इस्मोने कागद पुढे केला. इर्याने "सुट्टी घेतली" अशी सही ठोकली.

"सुट्टी माझी झाली," इस्मो म्हणाला. "पाच बन खाल्ले आणि मोकळ्या हवेत व्यायाम केला." मग बूट घालता घालता, खाली बघत: "पुरुष माणूस नको असेल तर सांगून टाका. आधी दोन घरांनी परत पाठवलंय. तिसरं झालं की मला घरांची कामं देणार नाहीत. माझं मी बघेन, पण आधी कळलेलं बरं."

इर्याला नको म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आला होता. पण लाकडं इतकी सारखी फोडली होती, इतकी नेटकी रचली होती, की नाही म्हणायला तिला तोंड उघडेना.

"मार्चमध्ये ये," ती म्हणाली.

मार्चमध्ये ती घराबाहेर पडली. फार लांब नाही, सॉनापर्यंत. चाळीस पावलं. थंडगार सॉनात कोट घालून, बाकावर बसून ती स्वतःच्याच घराच्या खिडकीकडे बघत राहिली. दिसत तर काहीच नव्हतं, खिडकीच्या जागी नुसता उजळ चौकोन. नदीवर अजून बर्फ होता. दोन वाजायला दहा मिनिटं राहिली तेव्हा तिचा धीर सुटला. ती बर्फातून घसरत, कुंपणाला धरत घरी आली, दार उघडलं, आणि बोळकंडीतच थांबली.

न्हाणीघराच्या दाराशी इस्मो उभा होता. हात कमरेवर, पाय फाकवलेले, गिरणीतली माणसं उभी राहात तसा.

"काय लाक्कोनेन, कसं चाललंय?"

इर्या आत शिरणार, तेवढ्यात ओइवा बोलला. तो आवाज तिने कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. ठाम, कोरडा, आपल्या कामातलं कळणाऱ्या माणसाचा.

"वेग नऊशे. सकाळपासून दोनदा कागद तुटला. वाळवणीत तिसऱ्या रुळाचा आवाज येतोय, तिकडे कान ठेव."

"ठेवतो. आणखी?"

"आणखी काही नाही. आज शहाण्यासारखं चाललंय."

"बरं."

"तुझ्या हवाली."

"घेतलं," इस्मो म्हणाला.

ओइवाने झाकणावरचा हात काढला. नळाखाली हात धुतले, पुसले, आणि इर्याच्या समोरून जाऊन टेबलाशी बसला. "भूक लागली," तो म्हणाला. रश्शाच्या दोन थाळ्या त्याने संपवल्या, खुर्चीत मागे रेलला आणि झोपी गेला. सव्वादोन वाजले होते. दाराला कडी नव्हती, कोणी रडलं नव्हतं.

इर्याने इस्मोला बोळकंडीत ओढलं.

"खोटं बोललास तू त्याच्याशी."

"काय खोटं बोललो?"

"गिरणी आहे म्हणून."

"मी गिरणीचं नावही काढलं नाही. विचारलं, कसं चाललंय. त्याने सांगितलं. म्हटलं, घेतलं."

"शब्दात पकडू नकोस मला. रोज त्याला कामावर जायचं असतं, रोज मी त्याला समजावते, आणि तू..."

"कामावर जायचं नसतं त्याला," इस्मो म्हणाला. "घरी यायचं असतं."

इर्याने त्याची बाही सोडली.

"गिरणीत एक नियम होता. लिहिलेला कुठेच नव्हता, पण सगळे पाळायचे. दोन वाजू देत, भोंगा होऊ दे, तुझा बदली येऊन समोर उभा राहिल्याशिवाय मशीन सोडायचं नाही. मी नवा होतो तेव्हा एका हिमवादळात माझी बस अडकली. चार तास उशिरा पोचलो. वाटलं, आता खैर नाही. तर लाक्कोनेन माझ्या जागी उभा. एक शब्द बोलला नाही. वेग सांगितला, हवाली केलं, आणि मग घरी गेला."

तो दिवस इर्यालाही आठवत होता. शनिवार होता. सॉना तापवून ती वाट बघत बसली होती, आणि चार तास उशिरा आलेल्या नवऱ्याशी ती पुढे दोन दिवस बोलली नव्हती. तोही काही बोलला नव्हता. उशीर का झाला, हे तिला आज कळत होतं, तीस वर्षांनी, बोळकंडीत उभं राहून.

"म्हणजे रोज दोन वाजता..."

"रोज दोनला त्याची पाळी संपते. आणि बदली येत नाही."

इर्या बूट घालायच्या बाकड्यावर बसली. ज्याला घरी यायचंय त्याच्या तोंडावर आपण दोन वर्षं कडी घातली, आणि वर त्याला सांगितलं की तुझी गिरणी पाडली. तिला स्वतःची लाज वाटली, इतकी की रडूसुद्धा येईना. इस्मोने तिची समजूत घातली नाही. तो स्वयंपाकघरात गेला आणि थाळ्या विसळायला लागला, आणि त्याचं तसं जाणं इर्याला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतः करून बघितलं. न्हाणीघराच्या दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, "काय लाक्कोनेन, कसं चाललंय?"

ओइवाने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बाई, इथे आत यायला परवानगी नाही."

तिसऱ्या दिवशी तिने माळ्यावरून त्याची गिरणीतली निळी टोपी काढली, केस आत कोंबले, हात कमरेवर ठेवले. टोपी घालणं म्हणजे काही खोटं बोलणं नाही, असं तिने आरशासमोर स्वतःला बजावलं होतं. ओइवाने बराच वेळ विचार केला.

"नवा दिसतोस," तो म्हणाला. "खाण्याकडे लक्ष दे, वाळलायस." पण त्याने वेग सांगितला, रुळाचा आवाज सांगितला आणि हवाली केलं. इर्या म्हणाली, "घेतलं." मग टोपी उतरवून तिने त्याला जेवायला वाढलं.

सोळा एप्रिलला टॅक्सी साडेसातला येणार होती. इस्मो सातला हजर झाला. या वेळीही घर घासलेलं होतं, आणि फ्रिजच्या दारावर चार पानांची यादी चिकटवलेली होती, टपोऱ्या अक्षरांत, कारण बारीक अक्षर इर्याला स्वतःलाच दिसत नव्हतं. कोट घालून, पिशवी घेऊन ती स्वयंपाकघरात उभी होती आणि यादीतलं सगळं पुन्हा तोंडी सांगत होती.

"बटाटे मऊ शिजव. सालं काढून. नाही, आधी उकड, मग सालं काढ. निळा सदरा घालू नकोस, त्याचा गळा त्याला टोचतो. आणि दुपारी..."

बाहेर टॅक्सी येऊन उभी राहिली. इर्या दारापर्यंत गेली आणि परत आली. "खिडकी उघडी नाही ना राहिली?" पुन्हा दारापर्यंत गेली, पुन्हा परत आली. टॅक्सीवाल्याने एकदा हॉर्न वाजवला. ओइवा टेबलाशी बसून लापशीत चमचा फिरवत होता. इर्याने पिशवी खाली ठेवली.

"नाही जमणार मला," ती म्हणाली. "डॉक्टरांना फोन लाव. म्हणावं, पुढच्या वर्षी."

इस्मोने फोन लावला नाही, चला चला अशी घाईही केली नाही. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. हात कमरेवर, पाय फाकवलेले.

"काय इर्या," तो म्हणाला, "कसं चाललंय?"

इर्याने त्याच्याकडे बघितलं. तिच्या नजरेला तो धुक्यातल्या झाडासारखा दिसत होता, पण जागचा हलत नव्हता.

"पाच तास झोपला," ती म्हणाली. "लापशी अर्धी खाल्ली. डाव्या पायाच्या अंगठ्याला लागलंय, मोजा हळू घाल."

"घालतो. आणखी?"

चार पानं होती आणखी. इर्याने आठवून बघितलं. त्या चार पानांत आपल्याला जायला भीती वाटते एवढंच लिहिलेलं होतं, दुसरं काही नव्हतं.

"आणखी काही नाही. आज बरा आहे तो."

"बरं."

पुढचा शब्द यायला वेळ लागला. बावीस महिने, त्याआधीची दोन वर्षं, आणि तिच्यासमोर येऊन कधी कोणी उभं राहिलं नव्हतं.

"तुझ्या हवाली," इर्या म्हणाली.

"घेतलं."

तिने पिशवी उचलली आणि बाहेर पडली. टॅक्सी पूल ओलांडून गेली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण मागे वळून बघितलंच नाही.

इस्पितळात नर्सने विचारलं, घरी सोबतीला कोणी आहे का. इर्या म्हणाली, "बदली आहे." काम अर्ध्या तासात उरकलं. डोळ्यावर पारदर्शक झाकण लावलं, कॉफी आणि पाव दिला, पुन्हा टॅक्सीत बसवलं. परतताना इर्या खिडकीबाहेर बघत होती. अजून धूसर होतं, पण त्या धूसरपणातसुद्धा रंग होते. नदीवरचा बर्फ गेला होता आणि पाणी निळं होतं. गेली काही वर्षं तिला नदी चहाच्या रंगाची वाटत होती.

ती घरात शिरली. ओइवा खुर्चीत बसून सफरचंदाच्या फोडी खात होता, दाढी गुळगुळीत, हिरवा सदरा. स्वयंपाकघराचे पडदे तिला वाटत होते तसे पिवळे नव्हते, पांढरे होते. आणि कोपऱ्यांत जाळी होती. चुलीमागच्या भिंतीवर तेलाचे ओघळ होते. तीन वेळा जिवाचं रान करून घासलेल्या घरात कपाटाच्या वर बोटभर धूळ बसली होती. हे सगळं इस्मोने फेब्रुवारीपासून बघितलं होतं आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. इर्याला हसू आलं, आणि या वेळी तिने ते लपवलं नाही.

"काय इस्मो, कसं चाललंय?" ती म्हणाली.

इस्मो टॉवेलला हात पुसत पुढे आला. "दिवसभरात एकदाही तुटलं नाही. जेवण दोन थाळ्या. अंगठ्याला मलम लावलं. दोन वाजता त्याने हवाली केलं, मी घेतलं." तो जरा घुटमळला. "मग आज तो झोपला नाही. सगळ्या खोल्यांतून हिंडला. मला विचारलं, इर्या कुठाय?"

इर्याने खुर्चीची पाठ धरली. "नाव घेऊन?"

"नाव घेऊन. मी म्हटलं, इर्या आज सुट्टीवर आहे. तर म्हणाला, बरं झालं. तिला कधी सुट्टीच मिळत नाही."

इर्या ओइवाकडे बघत राहिली. त्याने सफरचंदाची एक फोड उचलून तिच्या दिशेने धरली, कोणत्याही पाहुण्याला देतो तशी. आत्ता ती कोण आहे हे त्याला माहीत होतं की नव्हतं, सांगता येत नव्हतं. त्याचे डोळे निळे होते, नदीपेक्षा फिके. तेही ती विसरली होती. तिने फोड घेतली आणि खाल्ली. एका डोळ्यातून पाणी वाहत होतं, दुसऱ्यातून वाहू द्यायला डॉक्टरांनी मनाई केली होती, पण ते कुठे कोणाचं ऐकतं.

"तर मग," इस्मो म्हणाला, "आता तुमच्या हवाली."

इर्याने तोंड उघडलं, आणि थांबली. तिची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली होती. खुर्चीपाशी उभं राहून घड्याळाचे काटे तिला दिसत होते, दोन्ही.

"चार वाजायला वीस मिनिटं आहेत," ती म्हणाली.

"हो. पण तुम्ही आलात ना आता."

"आले, पण घेतलं कुठे अजून? तुझी पाळी चारपर्यंत आहे."

इस्मोने टॉवेल पुन्हा खांद्यावर टाकला. "बरोबर आहे," तो म्हणाला. "नियम तो नियम."

इर्याने ताटातला एक बन घेतला आणि ती बाहेर पडली. चाळीस पावलं चालून सॉनाच्या पायरीवर बसली. ऊन होतं. घराकडे पाठ करून ती नदीकडे तोंड करून बसली आणि बन हळूहळू, तुकडे मोडून खाल्ला. उद्या हेन्रिकाला फोन करायचा, तिने ठरवलं. मे महिन्याचे तिन्ही दिवस मागायचे, आणि बदली म्हणून इस्मोच हवा, दुसरं कोणी चालणार नाही, हेही सांगायचं. घरातून तिला कोणी हाक मारली नाही. वीसच्या वीस मिनिटं ती तिथे बसून राहिली.